शालनताईंचं नाक

येरवड्यातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात पिल्लू आलं, की डॉक्टरांच्या आधी शालनताई त्याच्या तोंडाला नाक लावतात. पिल्लाला तळहातावर घ्यायचं, अंगठ्याने जबडा हलकेच उघडायचा, डोळे मिटायचे आणि एकच श्वास. मग म्हणायचं, "सतरा-अठरा दिवसांचं. आईच्या दुधावर आहे." किंवा, "हे पोळी खातंय. महिना होऊन गेला." डॉक्टर श्रीनिवास वजन करतात, दात बघतात आणि बहुतेक वेळा तेच लिहितात.

बावीस वर्षांपूर्वी त्या इथे झाडू-फरशीच्या कामाला लागल्या. नाकाचं कुणी शिकवलं नाही, पिंजरे पुसता पुसता ते झालं. त्यांचा मुलगा धम्मदीप एकदा जेवताना म्हणाला, "आई, तू माणसांची तोंडं नाही ना गं हुंगत?"

शालनताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "माणसांची नाही. फक्त तुझं. काल पानटपरीवर कोण होतं रे तुझ्याबरोबर?"

पुन्हा तो विषय धम्मदीपने काढला नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, शेफाली आली. खराडीत राहणारी, तिथल्याच कंपनीत नोकरी करणारी मुलगी. गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात बुटांचं खोकं, खोक्यात पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं तपकिरी पिल्लू.

"आज सकाळी आठला आमच्या पार्किंगमध्ये एकटंच होतं. आई सोडून गेलीय बिचाऱ्याला," ती म्हणाली. "आता मीच ठेवणार आहे. नाव पण ठेवलंय, लाटे. दुधाळ कॉफीचा रंग आहे ना."

"तक्रार काय लिहू?" शालनताईंनी केसपेपर ओढला.

"तोंडाला वास येतोय. कॉफीसारखा, थोडा आंबूस पण. मी गूगल केलं, किडनीचं काहीतरी असू शकतं म्हणे."

"कॉफी कुणी घेतली होती, तुम्ही की त्याने?"

शेफालीला हसावं की रागवावं कळेना. शालनताईंनी पिल्लू उचललं आणि त्यांना शिंकच आली. "आंघोळ घातली याला?"

"खूप मळला होता हो तो. बेबी शॅम्पू आहे. स्ट्रॉबेरीवाला."

त्या स्ट्रॉबेरीतून वाट काढत शालनताई पिल्लाच्या तोंडापर्यंत पोचल्या. तो ओळखीचा वास होता. कोमट, गोडसर, आणि मागे जरा करपलेला, दूध उतू जाऊन शेगडीवर सांडलं की घरात रेंगाळतो तसा.

"तुम्ही दूध पाजलंत?"

"पिशवीचं दिलं, पण तोंडच लावलं नाही."

"मग हे आज सकाळी आईला प्यायलंय. आई कुठेही गेलेली नाही."

डॉक्टर श्रीनिवासांनी पिल्लू तपासलं. "ठणठणीत आहे. आईला पिताना पिल्लू दुधाबरोबर हवाही गिळतं, ती दुधाचा वास घेऊन वर येते. दात फुटलेले नाहीत, त्यामुळे दातांवर कीट नाही, तोंड कोरं. खाणं सुरू झालं की हा वास जातो. दोन-चार आठवड्यांची चैन आहे ती."

"पण मी थांबले होते ना," शेफालीचा आवाज खाली आला. "पूर्ण वीस मिनिटं."

"वीस मिनिटांत तुमची आई भाजी घेऊन परत येते?" शालनताई म्हणाल्या.

बाटलीवर एवढं लहान पिल्लू जगवता येतं, पण दोन-तीन तासांनी पाजावं लागतं आणि तरी सगळी जगत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं. परत न्यायचं ठरलं. शालनताई सोबत निघाल्या, कारण त्यांना त्या शॅम्पूची काळजी वाटत होती. परत नेलेलं पिल्लू हुंगून आई सरळ निघून गेलेली त्यांनी दोनदा पाहिली होती. रिक्षात त्या हे बोलल्या नाहीत. शेफालीने मात्र मध्येच विचारलं, "तिने ओळखलं नाही तर?"

"बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

शेफालीच्या इमारतीचे वॉचमन नागोराव गेटपाशी खुर्चीवर काठी घेऊन बसले होते. मूळचे तिथल्याच गावचे. "कुत्री व्हय? सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतीय. मी हाकलली की परत येतीय. रोज आठाला ती चिकनच्या दुकानामागं असती. समद्यांना माहीत हाय."

शेफालीने मान खाली घातली.

पार्किंगमध्ये खांबामागे एक जुनं पोतं होतं. तिथली धूळ मुठीत घेऊन शालनताईंनी पिल्लाच्या पाठीवर, पोटावर, कानांवर चोळली.

"अहो मावशी, आत्ताच तर धुतला होता!"

"म्हणून तर."

पिल्लू पोत्यावर ठेवून दोघी लांब, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. पंधरा मिनिटं गेली. पिल्लू कुईकुई करू लागलं. शेफाली दोनदा उठली, शालनताईंनी दोनदा तिची ओढणी धरून खाली बसवलं. अर्धा तास झाला. आपलं नाक आजच चुकलं असेल, हा विचार शालनताईंच्या मनात येऊन बसला. बारा वाजत आले होते आणि पिल्लू उपाशी होतं.

मग कुंपणाच्या फटीतून एक तपकिरी कुत्री आत आली. बरगड्या मोजता याव्यात अशी, थानं भरलेली. नागोरावांकडे एक डोळा ठेवून ती खांबापर्यंत पोचली. पिल्लाची पाठ हुंगली. शिंकली. दोन पावलं मागे सरकली.

शेफालीने शालनताईंचा हात घट्ट धरला.

कुत्री पुन्हा पुढे आली, कान हुंगला, मान फिरवली आणि कुंपणाकडे वळली. तेवढ्यात पिल्लाने आ करून मोठा टाहो फोडला. ती थांबली. परत आली, खाली वाकली आणि पिल्लाच्या उघड्या तोंडात तिने आपलं नाक घातलं. क्षणभर तशीच राहिली. मग जिभेने त्याचं तोंड, डोळे, धुळीने माखलेली पाठ, सगळं चाटून काढू लागली. मध्येच एकदा शिंकली, पण चाटायची थांबली नाही. मग पोत्यावर आडवी झाली आणि पिल्लू अंदाजाने सरकत तिच्या पोटाला लागलं.

शेफालीने डोळे पुसले. "मावशी, तिला कसं कळलं?"

"तेवढं तोंड राहिलं होतं तुमच्या शॅम्पूतून," शालनताई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

नागोरावांनी काठी हळूच खुर्चीखाली सरकवली.