नाकूचं नाक

माझी थोरली मुलगी बारमध्ये कामाला आहे, हे वाक्य नातेवाइकांसमोर धडपणे उच्चारायला मला बरीच वर्षं लागली. आधी मी ‘हॉटेलात’ म्हणायचे. मग ‘इटालियन रेस्टॉरंटात’ म्हणायला लागले, कारण ते ऐकायला बरं वाटतं. खोटंही नव्हतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून एक लहानसं इटालियन रेस्टॉरंट आहे. मोजकी टेबलं, मागे पिझ्झाची भट्टी, आणि शिरताच डाव्या हाताला लाकडी काउंटर. त्या काउंटरमागे आमची नाकू कॉकटेल करायची. तिचे वडील, ते होते तोवर, तिला ‘कंपाउंडर’ म्हणायचे. “औषधंच कालवायची ना? फक्त हिचे रोगी हसत येतात आणि जाताना झुलतात.”

नाकू हे नावही त्यांनीच ठेवलं. नाकाच्या आकारामुळे नव्हे. नाक अगदी साधं, माझ्यासारखं बसकं. पण शाळेतून येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ती सांगायची, वरच्या आजी इस्त्री करतायत, समोरच्यांचा कांदा करपलाय. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून कुणाचा रुमाल कुठला ते डोळे मिटून काढायची. एकदा जेवताना पाहुण्यांसमोर म्हणाली, “बाबा, तुम्ही परत सिगरेट ओढलीत.” त्या दिवसापासून बापाने सिगरेट किंवा लेकीच्या शेजारी बसणं, यातलं एक सोडायचं ठरवलं. सिगरेट नाही सोडली.

कॉलेजात तिचं लक्ष लागलं नाही. आम्ही डोकं धरून बसलो, आणि ही त्या रेस्टॉरंटात ग्लास विसळायला लागली. तिथला जुना बारटेंडर म्हातारा होता, तिरसट होता, पण माणूस ओळखणारा. एकदा बाटली पुसता पुसता ही त्याला म्हणाली, “ही रात्रभर उघडी राहिलेली दिसते.” त्याने चव घेऊन बघितली. दुसऱ्या दिवसापासून तो तिला एकेका बाटलीचं बूच काढून हुंगायला लावू लागला. पुढे तो गावी निघून गेला आणि काउंटर तिच्याकडे आलं. नाशपाती आणि बेझिलची पानं घालून तिने एक कॉकटेल बसवलं. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक यायला लागले. घरात बाकी सगळे पदवीधर, पण नाव काढलं ते हिने.

यंदा हिवाळा सरता सरता तिला ताप आला. साधाच ताप. चार दिवसांनी गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

मला तिने सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी बाहेरून आले, कुलूप काढलं, आणि गॅसचा भपकारा अंगावर आला. स्वयंपाकघरात नाकू टेबलाशी फोन बघत बसली होती. मागे कॉफी उतू जाऊन शेगडी विझलेली आणि बटण चालूच.

“आई, दार लाव ना. गारठा येतोय.”

मी बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. मग वळून तिच्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं.

“वास येतोय?” तिने विचारलं.

“तुला येत नाही?”

टेबलावर डोकं टेकून बसून राहिली.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल. महिन्याने येईल, वर्षाने येईल, कदाचित अर्धवट येईल, क्वचित येतही नाही. लवंग, लिंबाची साल, कॉफी, साबण हुंगत राहा. वाट बघा. वाट बघायला डॉक्टरांचं काय जातं! मालकांना कळलं तर त्यांना तिला काउंटरवरून उतरवावंच लागेल, आणि काउंटरखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही शिकता आलं नसतं असं नाही, पण तिने आयुष्य त्यातच घातलं होतं.

“मापं पाठ आहेत माझी,” ती म्हणाली. “पण लिंबू रोज वेगळं असतं, पानं रोज वेगळी असतात. शेवटी चाखून बघावं लागतं, आणि नाकाबरोबर माझ्या जिभेची चवही गेलीय. आई, थोडे दिवस तू माझं नाक हो.”

ज्या बाईने जन्मात बिअरही चाखली नव्हती, ती मी, रोज संध्याकाळी केस विंचरून बारमध्ये जाऊ लागले. काउंटरच्या टोकाला, भिंतीलगतच्या स्टुलावर. नाकू नवा लॉट कालवला की चिमुकल्या ग्लासात दोन थेंब घालून माझ्यासमोर सरकवायची. चष्मा डोक्यावर चढवला म्हणजे ठीक. कानाला हात लावला म्हणजे आंबट. पर्स मांडीवर घेतली म्हणजे गोड.

पहिल्या दिवशी मला सगळंच सारखं लागलं.

“कसं आहे?” ती ग्लास पुसल्यासारखं करत पुटपुटली.

“खोकल्याचं औषध.”

“कुठलं? लहानपणीचं लाल की तपकिरी?”

“लाल.”

“मग चेरी जास्त झालीय.” आणि तिने ती बरोबर कमी केली.

तेव्हापासून खुणा मागे पडल्या आणि आमची भाषाच तयार झाली. बाबांच्या दाढीचा साबण. भिजलेली वही. नव्या चपलांचं खोकं. शाळेच्या ट्रिपचा डबा. मी सांगायचे, आणि ती क्षणभर डोळे मिटून त्या वासाची आठवण काढायची, मग हात चालवायची. कुणाला कळलं नाही. मिशीवाल्या एका गिऱ्हाइकाने मात्र मला विचारलं, “मावशी, रोज?”

“रोज,” म्हटलं. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

मालकांनाही शंका आली नाही. धिप्पाड, मोठ्याने बोलणारे गृहस्थ, स्वतः भट्टीशी उभे राहणारे. “ताई, तुम्हाला आमची जागा आवडली बुवा!” म्हणत ब्रेडची टोपली पुढ्यात ठेवायचे. मी हसायचे.

एका शुक्रवारी मी सर्दीने बेजार झाले. दुपारीच नाकूला सांगितलं, “अगं, माझंही नाक चोंदलंय.” ती म्हणाली, “तरी ये. नुसती समोर बस.”

गर्दी खूप होती. काउंटरवर एक जोडपं येऊन बसलं. बाई हसतमुख होत्या. म्हणाल्या, “काहीही द्या, फक्त बदाम नको. घसा सुजतो माझा, मागे दवाखान्यात न्यावं लागलं होतं.”

“अजिबात नाही,” नाकू म्हणाली.

रोजची मद्यं ती लहान काचेच्या बाटल्यांत ओतून ठेवायची. त्यातल्या दोन मधाच्या रंगाच्या. एक जर्दाळूची, एक बदामाची. तिला चिठ्ठ्या लावायची गरजच कधी पडली नव्हती, आणि आता लावल्या असत्या तर मालकांनी विचारलं असतं, आजच का? म्हणून जर्दाळू डावीकडे, बदाम उजवीकडे, अशी ती जागेवरून ओळखायची. डावीकडची उचलून तिने ओतली, बर्फ घालून हलवलं, ग्लासात गाळलं. आणि थबकली. काउंटर ओलं होतं. मालक नुकतेच फडकं मारून गेले होते. बाटल्या उचलून, पुसून, परत ठेवून.

तिने ग्लास माझ्याकडे सरकवला. मी नाकाशी नेला. काही नाही. घोट घेतला. गोड, बस्स.

“आई, सांग.”

मी परत एक घोट घेतला. जिभेवर घोळवला, श्वास ओढला, नाक शिंकरून परत हुंगलं. गोड.

“नाही कळत गं.”

“काय नाही कळत?” मालक मागे उभे होते. त्या बाई हसत म्हणाल्या, “माझाच ना?” आणि हात पुढे केला.

नाकूने ग्लास उचलला आणि सिंकमध्ये ओतला.

“मालक, माझं नाक गेलंय.”

ते खदाखदा हसले. “का गं? नाक जाण्यासारखं काय केलंस?”

“खरंच गेलंय. वास येत नाही. तापापासून. या बाटल्यांतली कुठली कुठली, मला माहीत नाही.”

मालकांनी दोन्ही बाटल्यांची बुचं काढली. डावीकडची हुंगली. उजवीकडची हुंगली. परत डावीकडची. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओघळून गेलं. त्यांनी स्वतः धुतलेल्या ग्लासात लिंबू पिळून सोडा ओतला आणि बाईंपुढे ठेवला. “आज आमच्याकडून,” म्हणाले. बाईंना काय घडलं ते कळलंच नाही. त्या नवऱ्याशी बोलण्यात दंग होत्या.

“एप्रन काढ,” ते हळू आवाजात नाकूला म्हणाले. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “रागावलो नाहीये. पण तो ग्लास त्यांच्या ओठांना लागला असता तर? आणि ताई, तुम्हीसुद्धा?”

मी मान खाली घातली.

“नाक आलं की काउंटर तुझं. तोवर टेबलं बघ.”

“आणि आलंच नाही तर?” नाकूने विचारलं.

मालक कोरडं काउंटर पुसत राहिले.

आता नाकू ताटल्या नेते. काउंटरवर एक नवा मुलगा आलाय. तो नाशपातीचं कॉकटेल इतकं गोड करतो की लोक अर्धं ठेवून उठतात, आणि ते अर्धे ग्लास उचलायचे हिलाच. “आज किती आले परत?” असं मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की परत तोंड उघडायची सोय राहिली नाही.

रोज सकाळी ती टेबलावर चार बरण्या मांडून बसते. एकेक झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, हुंगायचं. मी समोर. “काही?” “काही नाही.” “लवंगेचा तरी?” “नाही.” गेल्या आठवड्यात ती एकदम म्हणाली, “धूर!” मी घरभर धावले, जिन्यात बघितलं, खालच्यांचं दार ठोठावलं. धूर कुठेच नव्हता. डॉक्टर म्हणाले, नाक जागं होताना असे खोटे वास येतात. “म्हणजे येतंय ना?” मी विचारलं. “येताना येतात, आणि न येतानाही येतात,” ते म्हणाले. या माणसाकडे मी आता फी देऊन जाते, आणि बाहेर पडून जिन्यात बसते.

मी देवाला काय काय कबूल केलंय ते इथे लिहीत नाही. त्यात हिचं नाक आलं की परत बारमध्ये जाऊन बसायचंही आहे, तेव्हा देवालाही जरा चमत्कारिक वाटत असेल.

आज सकाळी लिंबाच्या सालीपाशी ती जास्त वेळ थांबली. निदान मला तसं वाटलं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत तिने डोळे न उघडताच हात वर केला.

“आई, विचारू नकोस. आलं तर मी सांगेन.”

“नाही विचारत.”

मी तोंड मिटून बसले. तिच्या नाकपुड्या हलतात का, भुवई किंचित वर जाते का, ते बघत राहिले.

“आई,” डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, “बघूही नकोस.”