कोर्सची सोयरीक

सबंध मोखाडा तालुक्यात माझ्या मामाइतका चौकस माणूस झाला नाही. जव्हार तालुक्यात एखादा झालाच असेल, तर मामाने त्याचीही चौकशी करून ठेवलेली असणार. खोडाळ्याला त्याची भात-नागलीची शेती होती, पण ती मामी बघायची. मामा सोयरिकी जमवायचा, आणि त्याही फुकट. बाजाराच्या दिवशी तो चहाच्या हॉटेलातल्या बाकावर येऊन बसला, की लग्नाच्या मुलींचे बाप भाजीच्या पिशव्या सांभाळत त्याच्याभोवती गोळा व्हायचे. मामा आधी चहा संपवायचा, मग बशी पुसून ठेवायचा आणि मग म्हणायचा, "घर बघितल्याबिगर मी काय बोलत नाय."

आणि घर बघायचं म्हणजे मामाने बघायचं. तो कधीही सांगून जात नसे. दुपारच्या उन्हात एखाद्या घरासमोर उभा राहून पाणी मागायचा आणि तांब्या कोण आणतं, घासलेला आहे का, पाण्याबरोबर गुळाचा खडा येतो का, हे सगळं डोळ्यांनी टिपून घ्यायचा. मग गोठा. "ज्या घरचा बैल माणूस दिसल्यावर मागं सरतो, त्या घरात पोर द्यायची नाय," असं त्याचं ठाम मत. पण खरी परीक्षा पुढेच असायची. हात धुवायच्या निमित्ताने तो मागच्या दारी जायचा. तिथे त्या घरची थोरली सून भांडी घासत बसलेली असली, की हळूच विचारायचा, "बाई, सुखात हायेस ना?" ती हसली, तर सोयरीक पक्की. मागे वळून बघून मग "हो" म्हणाली, तर मामा चप्पल घालून चालू लागायचा. नकार तोंडावर द्यायचा नाही, हीही त्याची रीत. तो नुसतं म्हणायचा, "पत्रिका जुळत नाय." आमच्याकडच्या निम्म्या घरांत पत्रिका नावाचा कागदच नसतो, पण मामाला स्थळ नको असलं की त्या जुळायच्या नाहीत.

ही खोड पुढे पुढे सोयरिकींपुरती राहिली नाही. मामीसाठी कुकर घ्यायला तो जव्हारला आला, तेव्हा त्याने दुकानदाराला सांगितलं, की असाच कुकर नेलेली एखादी बाई आधी दाखवा. दुकानदार हसला, पण शेवटी त्याला स्वतःच्या बायकोलाच बोलावून आणावं लागलं. एकदा मामाची दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरकडे आत न जाता तो तासभर बाहेर उभा राहिला आणि तोंडात कापूस धरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिला, "सुखात हायेस ना?" त्या माणसांना काही बोलता येईना. मामाने त्यांचे डोळे बघितले आणि दाढ तशीच घेऊन खोडाळ्याला परत गेला.

अशा मामाने माझ्यासाठी स्थळ आणलं. मी नुकतीच बीएस्सी झाले होते. मुलगा वाड्याकडचा, पाटबंधारे खात्यात कायम नोकरीला. घरची थोरली सून मामाच्या प्रश्नावर नुसती हसलीच नव्हती, तर तिने त्याला बसवून घावन वाढले होते. "असं स्थळ मी आजवर कुणाला दिलं नाय," मामा आईला म्हणाला. बाबा प्राथमिक शिक्षक. त्यांना 'कायम' या शब्दाचं भारी प्रेम. मुलाकडच्यांना तुळशीच्या लग्नाच्या आत होकार हवा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, आणि मी म्हटलं, मला मेडिकल कोडिंग करायचंय.

हे काय असतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही एका मैत्रिणीकडून कळलं होतं तेवढंच. मी सांगितलं, की अमेरिकेतले डॉक्टर रोग्याबद्दल जे लिहून ठेवतात, ते इथे बसून वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला पुस्तकातला ठरलेला कोड द्यायचा. तो बघून तिकडच्या विमा कंपन्या दवाखान्यांची बिलं देतात.

"म्हणजे खोकायचं त्यांनी आणि लिहायचं तू?" बाबांनी विचारलं.

शिवाय त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, आणि तेही एक नाही. तपासून घरी जाणाऱ्या रोग्यांच्या कोडिंगचं वेगळं, दाखल झालेल्यांचं वेगळं, दवाखान्याच्या नोंदी सांभाळण्याचं आणखी वेगळं. आणि जो तो क्लास आपापलं स्वतःचं देतो ते निराळंच. यातलं कुठलं घ्यावं, हे मलाच कळत नव्हतं. बाबा म्हणाले, जे तिचं तिला कळत नाही त्यासाठी चांगलं स्थळ घालवायचं? मला रडू यायला लागलं. मामा मात्र विचारात पडला होता. मग तो म्हणाला, "भावजी, पोरीला दोन स्थळं आलीत. एक मी आणलंय, एक तिनं. माझं बघून झालं. आता तिचं बघू. रीत ती रीत."

पहिलं स्थळ ठाण्याला. काचेचं दार, थंडगार हवा, टाय लावलेले संचालक. मामा आधी काही न कळवता मला घेऊन गेला आणि पाणी मागितलं. टेबलामागच्या मुलीने कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. इथेच निम्मं स्थळ मोडलं होतं, पण मामा नेटाने बसला. संचालकांनी सर्टिफिकेटचा नमुना दाखवला. सोनेरी काठ, खाली सही. "सही कुणाची?" मामाने विचारलं. "माझीच," संचालक अभिमानाने म्हणाले. मामा माझ्या कानाशी लागला, "मुलगा चांगला हाय, असं मुलाचा बापच लिहून देतोय. बाहेरचं कोण देतंय का?" मग त्याने इथून शिकून कामाला लागलेली एखादी मुलगी भेटवा म्हटलं. संचालकांनी भिंतीवरचे फोटो दाखवले. मामा एकेका फोटोसमोर उभा राहिला आणि परत आला. "ह्यांना विचारता येत नाय," तो म्हणाला. संचालकांनी आमच्या हातात एक बॅग भेट म्हणून ठेवली. मामाने ती हात जोडून टेबलावर परत ठेवली आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, साहेब. पत्रिका जुळत नाय." ते संचालक अजूनही कुणाची पत्रिका म्हणून विचार करत असतील.

दुसरं स्थळ नाशिकला, एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत. शिकवणाऱ्या बाईंनी पूर्वी मोठ्या दवाखान्यात केसपेपरांचं कपाट सांभाळलेलं. मामाने पाणी मागितल्यावर त्या स्वतः उठल्या. त्या स्वतःचं सर्टिफिकेट देतच नव्हत्या. बाहेरच्या, अमेरिकेतल्या संस्थेच्या परीक्षेची तयारी करून घेत होत्या. मामा खूश झाला, पण मागचं दार राहिलं होतं. तिथे मागचं दार नव्हतंच, म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर तो संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसला. क्लास सुटला. मुली जाडजूड पुस्तकं छातीशी धरून खाली आल्या. मामा उठला आणि विचारलं, "पोरींनो, सुखात हाय का?"

मुली आधी घाबरल्या, मग हसल्या, आणि मग त्यांची तोंडं सुटली. बाई फार ओरडतात, एक कोड चुकला तर सगळा कागद परत करायला लावतात, मान मोडून येते, एवढं करून परीक्षेत पुस्तक बघायची परवानगी आहे तरी पुस्तकात सापडायला तर पाहिजे ना! मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "सासूची गाऱ्हाणी मोकळ्या तोंडानं सांगतात. घर चांगलं हाय."

त्यातली एक आधीच नोकरीला लागलेली होती आणि बाईंना मदत करायला यायची. तिनेच उलगडून सांगितलं, की आधी तपासून घरी जाणाऱ्या रोग्यांचं सर्टिफिकेट घे, नव्या माणसाला काम त्यातच मिळतं. दाखल रोग्यांचं नंतर, हात बसल्यावर. पास झालं तरी काही काळ काम करीपर्यंत नावापुढे 'शिकाऊ' लागतं. आणि पुढेही नवं शिकत राहिलं नाही तर सर्टिफिकेट रद्द होतं. मी हे वहीत उतरवत होते, मामा मान डोलवत होता. "बरोबर हाय. लग्न लागलं म्हणून लगेच कोण किल्ल्या देत नाय," तो म्हणाला.

घरी आलो. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मामाने दोन्ही स्थळांची हकिकत बाबांपुढे मांडली आणि खरं सांगितलं, की दोन्ही घरं चांगली आहेत. बाबा म्हणाले, "मग जे कायम आहे ते घ्यावं." जन्मात पहिल्यांदा मामाची पंचाईत झाली होती.

कोपऱ्यात माझी मावशी ब्लाउज शिवत बसली होती. मामाची धाकटी बहीण. तिची सोयरीक मामाने जमवलेली पहिली सोयरीक. दोनेक वर्षांत ती सासरहून परत आली आणि आमच्याकडेच राहिली. त्यावर घरात कुणी कधी बोलत नसे. तिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "दादा, सगळ्यांच्या सुनांना विचारत फिरतोस. ह्या पोरीला कोण विचारणार?"

मामा खाली बघत म्हणाला, "तुझ्या वेळेला मी घर बघितलं, गोठा बघितला, हिरीचं पाणी पिऊन बघितलं. थोरल्या सुनेला नाय विचारलं. तुलाबी नाय विचारलं." मग माझ्याकडे वळला. "बोल पोरी."

"नाशिक," मी म्हटलं. मावशीने मशीन पुन्हा सुरू केलं.

वाड्याला जाऊन "पत्रिका जुळत नाय" हे मामालाच सांगावं लागलं. त्या दिवशी त्याने तिथला चहासुद्धा घेतला नाही म्हणे. पण स्थळ वाया जाऊ देईल तर तो मामा कसला! त्याच मांडवाच्या दिवसांत त्या मुलाला त्याने साखरशेतची मुलगी दिली, आणि लग्नात मला आग्रहाने जिलबी वाढली.

वर्षभराने मी परीक्षेला बसले. मुंबईच्या केंद्रावर मामा बरोबर आलाच. आमच्याकडे लग्नात मुलीला मांडवात मामाने न्यायचं असतं. त्याने माझं मनगट धरलं आणि थेट हॉलच्या दारापर्यंत नेलं. दारातल्या बाई थांबवायला लागल्या, तर तो हात जोडून म्हणाला, "पोर लाडाची हाय. चुकलंमाकलं तर पदरात घ्या." "काका, पेपर अमेरिकेत तपासतात," त्या म्हणाल्या. "मंग त्यांना सांगा," मामा म्हणाला, आणि डोळे पुसत जिन्यात जाऊन बसला.

मी पास झाले, ठाण्याला नोकरी लागली. दर रविवारी खोडाळ्याच्या पीसीओवरून मामाचा फोन यायचा, आणि प्रश्न एकच. मी हसून "हो" म्हणायचे. एकदा महिनाअखेर होती, फाइलींचा ढीग पडला होता. मी सहज म्हणून गेले, "मामा, कंटाळा आलाय रे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात खालून निरोप आला, की कुणीतरी आलंय. मामा उभा होता. धोतराला लाल धूळ, एका हातात नागलीच्या पिठाची पिशवी, आणि दुसऱ्या हातात रिकामी ट्रंक. "चल," तो म्हणाला. "नांदायचं नसंल तर घरी चल. मी न्यायला आलोय." मी म्हटलं, अरे मामा, नुसतं कामाचा कंटाळा म्हटलं मी! त्याने माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. पटल्यावर ट्रंक खाली ठेवून तिच्यावरच बसला. "तुझ्या मावशीला आणायला कोण गेलं नव्हतं," तो म्हणाला. "ती एकटीच आली, एसटीनं." मग त्याने मशीनची कॉफी घेतली, पुढच्या टेबलावरच्या मुलीला सुखात आहे का ते विचारलं, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामी ट्रंक घेऊन परत गेला.

मामा जाऊनही आता काही वर्षं झाली. जव्हार-मोखाड्याच्या मुली मला फोन करतात, ताई, कुठलं सर्टिफिकेट घेऊ? मी सांगते, आणि शेवटी मामाचा प्रश्न विचारते. मला तो प्रश्न विचारणारं मात्र कुणी उरलं नाही. महिनाअखेरीला अजूनही कंटाळा येतो, आणि खालून निरोप आला की उगाच वाटतं, ट्रंक घेऊन कुणी उभं असेल.