शेवटची खबर कधी मिळाली

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी कॉलेजात गेलो, तेव्हा दारावरच्या शिपायानं मला पालक समजून ऑफिसची खिडकी दाखवली. मी म्हणालो, विद्यार्थी आहे. त्यानं माझ्या मागं कुणी उभं आहे का, ते वाकून बघितलं.

कोर्स पॅरालीगलचा होता. म्हणजे वकिलाच्या हाताखाली राहून अर्ज, शपथपत्रं, पंचनामे तयार करायचे, माणसाचं म्हणणं नीट लिहून घ्यायचं आणि कोर्टात मात्र तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट ऐकून आमच्या घरात फार समाधान पसरलं. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की गोष्टी सांगायला बसणारा खानदानातला माणूस मीच. बायको म्हणाली, "बरं झालं. आमच्यानं जमलं न्हाय ते सरकारनं केलं."

दर शनिवार-रविवार धाराशिवला वर्ग असे. शिकवायला एक वकीलबाई होत्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात रिकाम्या वर्गाचा पंचनामा लिहायला दिला. मी दोन पानं लिहिली. मॅडमनी लाल पेननं एका ओळीखाली रेघ ओढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खोलीत उदास उजेड होता, हे कोणत्या पंचानं सांगितलं?"

पोरं हसली. मीही हसलो. मग मॅडम म्हणाल्या, "काका, डोळ्यांनी बघितलं ते लिहा. कानांनी ऐकलं ते लिहा. मनाला वाटलं ते घरी ठेवून या."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं त्याचीच मला भीती वाटायला लागली.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक खरं प्रकरण घ्यायचं होतं: अर्जदाराची मुलाखत आणि अर्जाचा कच्चा मसुदा. माझ्याकडं प्रकरण घरातच होतं, माझी चुलती. अणदूर आणि नळदुर्गच्या मधे, जुन्या हमरस्त्याच्या एका वळणावर तिचं घर. काका ट्रक चालवायचे. सव्वीस वर्षांपूर्वी माल घेऊन हैदराबादच्या बाजूला गेले, ते परत आले नाहीत. ट्रकही सापडला नाही. काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या त्याच घरात राहिल्या, कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या घालून.

आता घराचे पत्रे सडले होते. मागच्या वळवाच्या वाऱ्यात दोन पत्रे उडून शेतात पडले, त्यातला एक चुलीच्या बरोबर वरचा. घरकुलाच्या यादीत काकूंचं नाव आलं होतं, पण घर ग्रामपंचायतीत काकांच्या नावावर. ग्रामसेवक म्हणाला, एक तर त्यांची सही आणा, नाही तर मृत्यूचा दाखला. दोन्ही नसेल तर यंदा नाव वगळलं जाईल.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं: ज्या माणसाची सात वर्षं खबर नाही, जिवंत असता तर ज्यांना खबर मिळाली असती अशा जवळच्यांनाही नाही, तो मयत आहे असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. मला वाटलं, हे कलम आमच्या काकूंसाठीच बेतलंय. उत्साहाच्या भरात मी मुलाखतीचा फॉर्म घरीच बसून अर्धा भरून टाकला. कच्च्या मसुद्यात ‘अर्जदाराचे मयत पती’ असं सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहिलं. मुलाखतीआधीच उत्तरं लिहिणारा माझ्यासारखा विद्यार्थी त्या कॉलेजनं तोवर बघितला नसावा.

शनिवारचा वर्ग बुडवून मी काकूंकडं गेलो. नवा चौपदरी रस्ता आता सरळ गेलाय, वळण बाजूला पडलंय. जुन्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना मुरमाचे ढिगारे टाकून तो बंद केलेला. मोटरसायकल ढिगाऱ्याशी लावून मी चालत गेलो. डांबराच्या भेगांतून गवत आलेलं. चालताना आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटत होतं.

काकू उंबऱ्यात बसून सुई-दोऱ्यात लिंबू ओवत होत्या. शेजारी मिरच्या आणि एक बिब्बा. मला आठवलं, त्या दिवशी अमावस्या होती. काका दर अमावस्येला, कुठंही असले तरी, दुपारपर्यंत घरी यायचे. ट्रकला लिंबू-मिरची काकूंच्याच हातची लागायची. वळणावर तीन वेळा हॉर्न द्यायचे, म्हणजे काकूंनी तवा ठेवायचा.

"अजून करता व्हय हे?" मी विचारलं.

"मग? तिकडं बाभळीच्या खिळ्याला लावून येते. म्होरल्या अमुशाला खिळा मोकळा असतो."

"शेळ्या खात असतील, काकू."

"मिरच्या?" त्या म्हणाल्या. "आन बिब्बा? तुज्या कालिजातल्या शेळ्या खात असतील."

मी विषय बदलून फॉर्म काढला. मसुदा वाचून दाखवणं नियमात होतं, म्हणून घाईघाईनं वाचत सुटलो. पहिल्याच ओळीला काकूंची सुई थांबली.

"काय म्हणलास? कोण पती?"

"ते... कायद्याची भाषा असती."

"मयत म्हणलास."

"घरासाठी, काकू. नुसतं कागदावर."

"कागदावर मारलं की मला बांगड्या उतरवाव्या लागतील. त्या बी कागदावरच्या हायत का?" त्यांचा आवाज चढला नाही. "घर माज्या नावानं कर बाबा. पत्र्याखाली म्या भिजते, मला कळतंय. पर त्यांना मारू नको."

मी फॉर्ममधला पुढचा प्रश्न वाचला, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. "संबंधित व्यक्तीची शेवटची खबर कधी मिळाली?"

"मागल्या अमुशाला," काकू म्हणाल्या. "आज बी मिळंल. बस जरा."

मी बसलो. दुपारचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. काकूंनी माळेला गाठ मारली, उठून तवा ठेवला, परातीत पीठ घेतलं. बाहेर बाभळीखाली एक शेळी चरत होती. तिनं एकदम मान वर केली आणि वळणाकडं बघत राहिली.

मग हॉर्न वाजला. तीनदा. जुन्या ट्रकचा, घशात खरखर असलेला.

मी उठून बाहेर गेलो. रस्ता रिकामा. दोन्हीकडचे ढिगारे जागच्या जागी, त्यांवरचं गवतसुद्धा हललेलं नाही. नव्या रस्त्यावरून आवाज आला म्हणावं तर वारा माझ्या पाठीकडून, शेताच्या बाजूनं होता. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. काकू माझ्या शेजारून गेल्या, माळ खिळ्याला अडकवली आणि परत येताना म्हणाल्या, "चल, भाकर निवती."

मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, हेही सांगायला हवं. भीतीनं माझी भूक कधी मेली नाही.

पुढच्या रविवारी मॅडमनी माझा फॉर्म वाचला. शेवटच्या खबरीच्या रकान्यात मी अमावस्येची तारीख घातली होती. त्यांनी लाल पेन उचललं.

"हे अर्जदार म्हणाली?"

"हो."

"आणि तुम्ही काय ऐकलंत?"

वहीचं पहिलं पान मला पाठ होतं. "हॉर्न. तीन वेळा," मी म्हणालो.

वर्गात कुणी हसलं नाही. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मग या प्रकरणात तुम्ही सहायक नाही, काका. साक्षीदार आहात. आणि मयताचा अर्ज यातून होत नाही."

तासानंतर मात्र त्यांनी मला थांबवून घेतलं. घराच्या नोंदीत नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव लावायची सोय आहे, ग्रामसभेत ठराव करून घ्या, म्हणाल्या. मला वर्षभरात शिकवलेल्यातलं तेवढंच खरं कामाला आलं. मी सरपंचाच्या मागं लागलो, ग्रामसेवकाच्या टेबलाशी इतका बसलो की त्यानं मला चहा विचारणं सोडून दिलं. अखेर ठराव झाला. नोंदीत दोन नावं लागली, काकांचं आणि काकूंचं. कुणाच्याही नावापुढं मयत नाही. त्या कागदावर घरकुल मिळालं, पत्रे उतरले.

स्लॅब टाकला त्या दिवशी मी तिथंच होतो. अमावस्या आहे म्हणून गवंडी काम धरायला तयार नव्हता, काकूंनीच त्याला राजी केलं. दुपारी वर काँक्रीट ओतणं चाललेलं आणि खाली मी विटांवर बसून, सवयीनं, कुणाला तरी गोष्ट सांगत होतो. एकाएकी गवंड्यानं थापी थांबवली आणि वरून वळणाकडं बघितलं.

"पाहुणे," तो म्हणाला, "हा रस्ता तर बंद केलाय ना?"

बाजूला उतरलेल्या पत्र्यांचा आडोसा करून काकूंनी चूल मांडली होती, तिथून तवा ठेवल्याचा आवाज आला. मी गोष्ट अर्धीच सोडली. काकूंच्या बाजूनं आता आम्ही दोघं साक्षीदार होतो.