थोरल्या तोफेच्या विटा

मू श्वेख्वेइचं वय अवघं एकेचाळीस. पण कोरियन युद्धात यालू नदीकाठच्या त्या चिनी विमानतळावर बाकीचे सगळे विशीतले, म्हणून तो झाला लाओ मू, म्हणजे म्हातारा मू. वीस वर्षं घोडागाडी हाकलेला हा माणूस आता जेट विमानाच्या तोफा सांभाळत होता. एक थोरली, सदतीस मिलिमीटरची, आणि दोन धाकट्या. तिघी एकाच पाळण्यात; हँडल फिरवलं की पाळणा विमानाच्या पोटातून खाली उतरायचा. थोरलीपाशी गोळे चाळीसच. एक बसला तरी समोरच्याचा पंख निखळेल, पण आधी ती चालली तर पाहिजे ना!

ती चालतच नव्हती. वैमानिक ज्याओ च्यन्हाई दोनदा वर गेला आणि दोन्ही वेळा थोरली एक गोळा टाकून गप्प. दुसऱ्या खेपेला शेपटीला अकरा भोकं घेऊन पोरगा कसाबसा परतला. पुन्हा असं झालं तर तो परत येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

हयगय म्हणाल, तर छे हो! लाडच चालले होते तिचे. उणे पंचवीसची थंडी, म्हणून लाओ मूच्या पथकानं आपल्या झोपायच्या ओट्याच्या, जाळ घालून तापवायच्या त्या खांगच्या, विटा उपटून आणल्या होत्या. रोज त्या गरम करून थोरलीभोवती रचायच्या, वर स्वतःच्या गोधड्या घालायच्या आणि आपण कुडकुडत पडायचं. लाओ मूसुद्धा त्यातलाच.

एका सकाळी गोधडी काढताना त्याचा हात ओला झाला. थोरलीला घाम फुटला होता. बघता बघता त्या घामाचा बर्फ झाला. लाओ मूनं कपाळावर हात मारला. उबदार तबेल्यातून गाडी बाहेर काढली की तिचा आख असाच आवळून बसायचा!

"विटा बंद," तो म्हणाला. "गोधड्या बंद. तिला गारच राहू द्या. आणि ग्रीस पेट्रोलनं पुसून काढा, गारठ्यात ते घट्ट होतं."

"अरे गाडीवाल्या, ही तोफ आहे, खेचर नाही!" अधिकारी हान खेकसला.

"खेचर बरं साहेब, त्याला काय होतंय ते तरी सांगतं."

"आणि तिसऱ्यांदा अडकली तर?"

"तर मला भिंतीशी उभा करून गोळी घाला. पण वर मी जात नाही, ज्याओ जातोय. त्याला विचारा."

ज्याओ पुढे आला. "म्हातारबा, हात दाखवा बघू." बोटांची सालटं निघाली होती. हातमोज्यात स्प्रिंगचा अंदाज येत नाही, म्हणून लाओ मू उघड्या हातानं लोखंड चाचपत असे. ज्याओ हानकडे वळला. "करू दे त्याला."

दोन दिवसांनी ज्याओ वर गेला. लाओ मू धावपट्टीच्या कडेला उभा राहिला, जेवायलाही हलला नाही. विमान दिसलं तेव्हा त्याला आधी तोफांची तोंडं बघायची होती. ओल शिरू नये म्हणून तिन्ही नळ्यांवर चिकटवलेले कागद फाटले होते, म्हणजे तिघींनी गोळे टाकले होते. त्यानं हँडल फिरवलं. पाळणा खाली आला. थोरलीचा पट्टा रिकामा! चाळीसच्या चाळीस गेले होते. लाओ मू तिथंच बर्फात बसला आणि ढसाढसा रडला. हाननं मान खाली घातली.

संध्याकाळी पथक झोपडीत आलं, तर ज्याओ गुडघ्यांवर बसून खांगच्या विटा एकेक जागेवर लावत होता. खाली जाळ पेटला होता.

"म्हातारबा," तो वर न बघता म्हणाला, "महिनाभर माझ्यापायी गारठलात. आज उबेत निजा."