न्हाणीमागची गुलछडी

देवपुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का निवृत्त नर्स. त्यांच्या अंगणात थंडीचा वारा सरळ घुसतो, म्हणून गुलछडीचे कंद त्यांनी आमच्या न्हाणीमागे, भिंतीच्या उबेला लावले होते. रोज सकाळी त्या यायच्या आणि ताप बघावा तसा मातीला उलटा हात लावायच्या.

मागच्या हिवाळ्यात पाइप बदलायला मी तिथे कुदळ चालवली. पानं वाळून गेलेली, वर काहीच दिसत नव्हतं. चार कंद चिरले गेले. मी ओशाळून सांगायला गेलो. अक्का रागावल्या नाहीत. चिरलेल्या जागी त्यांनी राख लावली, कंद सावलीत सुकवले आणि थंडी ओसरल्यावर त्यातले दोन माझ्या हातात ठेवले.

"हे तुम्ही लावा."

"पुन्हा माझ्या हातून काही झालं तर?"

"नाही होणार. आते तुमनं ध्यान राही," त्या एकदम घरच्या बोलीत म्हणाल्या.

पावसाळ्यात माझ्याच एका कंदाला पहिला दांडा आला. अक्कांनी तो तोडू दिला नाही. संध्याकाळी खुर्ची मागून घेतली आणि त्याच्याजवळ बसल्या. थोड्या वेळाने मीही दुसरी खुर्ची आणली.