शिट्टीबाईंचा खालचा ओठ

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. त्यांचा जावईसुद्धा, अर्थात त्यांच्या पाठीमागे. एकवीस वर्षं त्या तलावाच्या काठावर भर उन्हात उभ्या होत्या आणि हजारभर भित्र्या पोरांना त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला लावलं होतं. खालचा ओठ मात्र कायम फुटलेला. पांढुरके चट्टे, निघणारी सालपटं, ओठाची कडही पुसट झालेली. तलावावर काहीही बिनसलं की खापर क्लोरीनवर फुटतं. बाईंनीही त्या क्लोरीनपायी पंपवाल्याशी चार वर्षं उभं वैर धरलं होतं.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ओठाचा कणभर तुकडा काढून तपासला आणि बिचाऱ्या पंपवाल्याची निर्दोष सुटका झाली.

"हे उन्हाने झालंय," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर तिकडे वळू शकतं."

"मग कापून टाका."

"कापायची वेळ आलेली नाही. लेसरने वरचा थर काढता येतो, नाहीतर औषध लावून लाल दिव्याखाली बसायचं. तुम्हाला दिवा चालेल. पण बाई, उन्हात उभं राहणं बंद."

"उभं राहणं बंद होणार नाही," बाई म्हणाल्या. "उन्हाचं बघते मी."

ओठाला औषध लावून, तो झाकून तीन तास बसवलं आणि मग दिवा सुरू केला. आधी नुसतं कोमट लागलं, नंतर कुणी मिरची वाटून चोळावी तशी आग. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण सोबत आलेल्या मुलीने पुढे केलेला हात बाईंनी झटकून टाकला. त्या घाबरल्या होत्या हे खरं. दिव्याची आग सोसता येत होती. तलाव सुटला तर सकाळी उठून करायचं काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

औषधामुळे उजेड वर्ज्य, म्हणून दोन दिवस पडदे ओढून घरात काढले. ओठ टम्म सुजला, मग त्यावर खपली धरली.

"आई, पुरे झालं आता," मुलगी म्हणाली. "साठीला आलीस. आराम कर."

"आराम करायला मला काय धाड भरलीय?"

घरी बसल्या बसल्या त्यांनी तलावाच्या समितीला अर्ज केला: काठावर शिकवणाऱ्यासाठी शेड हवी. चिटणिसांचा फोन आला. शेडने म्हणे तलावाची शोभा जाते. आता बोला!

बाराव्या दिवशी बाई तलावावर हजर. काठाला लागून समितीचं छत होतं, शर्यतीच्या दिवशी पाहुण्यांनी बसायचं. त्याखालच्या वेताच्या खुर्च्या बाईंनी ओढून उन्हात मांडल्या, स्वतः छताच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मुलांना समोरच्याच दोन पट्ट्यांत उतरवलं. खपलीमुळे शिट्टी फुंकता येत नव्हती, म्हणून टाळ्या वाजवून काम चालवलं.

अकराच्या सुमाराला चिटणीस पत्र घेऊन आले. समोर खुर्च्या तापत पडलेल्या. "बाई, हे काय चालवलंय?"

"बसा ना. तुमच्याच आहेत."

ते बसले नाहीत. "समितीने ठरवलंय. तुमची तब्येत बघता तुम्हाला कामातून मोकळं करायचं." त्यांनी पत्र पुढे केलं.

"वाचून दाखवा. माझी नजर पाण्यावर हवी."

चिटणीस वाचू लागले. आधी एकवीस वर्षांच्या सेवेचं कौतुक. पांढऱ्या कागदावर ऊन असं चकाकत होतं की दर ओळीला डोळे बारीक करावे लागत. टक्कल घामाने निथळायला लागलं. वाचता वाचता ते छताकडे सरकले.

"तिथेच थांबा," बाई ओरडल्या. "तीस पोरं पाण्यात आहेत. मला ती दिसायला हवीत."

चिटणीस थांबले. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "अहो, दहा मिनिटं झाली उन्हात!"

"मला एकवीस वर्षं झाली."

पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचायचा राहून गेला. चिटणिसांनी तो कागद दोन्ही हातांनी उलगडून डोक्यावर धरला.

"बघा," बाई म्हणाल्या, "शेड लागतेच की!"