उंबऱ्याबाहेरून लिहिलेला अहवाल

बालकल्याण समितीत, म्हणजे आमच्या भाषेत लहान मुलांच्या कोर्टात, मुलाचं हित सर्वांत मोठं असतं, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्या शिपायानंच मला आणि नवऱ्याला पुढच्या बाकावरून उठवलं.

"हितं आईबाप बसत्यात. तुमी नुसती सांभाळणारी. मागं व्हा."

पुढचा बाक दिवसभर रिकामाच राहिला. आईबाप असते तर पिंकी तिथं आली असती कशाला?

पिंकी सात वर्षांची. तीन वर्षांपूर्वी सरकारनंच कागद करून तिला आमच्याकडे सांभाळायला दिलेली. कसबा बावड्याच्या बौद्धवाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा साखर कारखान्यात, मी वाचनालयात शिपाई. पिंकी आमच्याकडे राहणार की बालगृहात जाणार, ते त्या दिवशी ठरणार होतं.

कारण एक अहवाल. पंधरा दिवसांपूर्वी पाहणीला अधिकारी आले होते. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या की, साहेब," नवरा म्हणाला.

"नको. इथून दिसतंय सगळं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "आत्ताच पिऊन आलो." आमच्या वाड्यात आलेल्या साहेबांना कधीच तहान लागत नाही. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं.

आत पिंकी चित्र काढत बसली होती, उजवी बाजू दाराकडे. तो कान वाहून वाहून गेलेला. साहेबांनी दारातूनच तिला नाव विचारलं, शाळा विचारली. तिनं मान वर केली नाही. मी कानाचं सांगायला गेले, तोवर स्कूटर सुरू झाली होती.

कोर्टात तो अहवाल वाचून दाखवला गेला. "गृहभेट दिली. बालिका मंदबुद्धी. कुटुंबात संस्कारांचा अभाव. बालगृहात हलवावे." संस्कार उंबऱ्याबाहेरून दिसतात, हे वाचनालयातल्या एवढ्या पुस्तकांत मला कुठं सापडलं नव्हतं.

पिंकीला पुढं उभं केलं. अधिकारी तिच्या उजवीकडे.

"नाव काय तुझं?"

गप्प.

"बघा," ते अध्यक्षबाईंना म्हणाले.

मी उठायला लागले, तर नवऱ्यानं पदर धरला. "गप बस. आनखी बिघडंल." आयुष्यभर गप्पच बसले होते. त्यानं काही सुधारलेलं दिसलं नव्हतं. पदर सोडवून घेतला.

"तुम्ही तिच्या कोण? खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कोन ते मागनं ठरवा, बाईसाहेब. तिला उजव्या कानानं ऐकू येत न्हाय. दवाखान्याचा कागद हाय. डावीकडनं इचारा. साहेब घरात आलं असतं, तर त्यास्नी तवाच कळलं असतं."

शिपाई धावला. मी हलले नाही. शेवटी बाईंनीच पिंकीला आपल्या बाजूला घेतलं आणि डाव्या कानाशी विचारलं. तिनं नाव सांगितलं, शाळा सांगितली. मग कुणी न विचारताच म्हणाली, "मी आईसंगट घरी जानार हाय. माजं चित्र अर्धं ऱ्हायलंय."

निकाल झाला नाही. पुढची तारीख मिळाली. तोवर मूल आहे तिथंच.

माफी कुणी मागितली नाही. मीही थांबले नाही. त्याच दिवशी अर्ज लिहिला: प्रत्येक तारखेला आमचं म्हणणं ऐकावं, नोंदवून घ्यावं, अहवालाची प्रत आम्हाला आधी द्यावी. सोबत डॉक्टरांचा कागद, शाळेतल्या बाईंचं पत्र. पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडली नाही. यापुढं कुणी खाली बसा म्हणालं, तर मी उभी राहणार. पिंकीबद्दल आमच्या माघारी लिहिलेली एकही ओळ उत्तराशिवाय सोडणार नाही.

पुढच्या तारखेला साडेदहाच्या ठोक्याला हजर झालो. अध्यक्षबाई रजेवर होत्या.